नकाशातलं माहेर

१

इंग्रज गाशा गुंडाळायला लागले होते, आणि माधवनगरचे लालासाहेब त्यांचे जिल्हे एकेक करून घरी आणत होते. चाळीला याची मोठी गंमत वाटे. शेजारची चंद्राबाई नळावर म्हणायची, "साहेब चाललाय विलायतेला, आन् विलायत चाललीया आमच्या चाळीत. घरात न्हाई दाणा आन् मला बाजीराव म्हणा!" लालासाहेब ते ऐकून मिशीतल्या मिशीत हसत. दाणा घरात होता, आणि बाजीराव व्हायची त्यांना हौस नव्हती. त्यांना फक्त नकाशे हवे होते.

हे वेड पलटणीतलं. आधीच्या महायुद्धात फ्रान्सात त्यांच्या मांडीत गोळी घुसली आणि सरकारनं त्यांना विलायतेच्या एका इस्पितळात नेऊन टाकलं. खाटेसमोरच्या भिंतीवर तिथल्या परगण्याचा नकाशा होता. जखम भरेपर्यंत दुसरं बघायला काही नव्हतं, म्हणून ते तोच बघत राहिले. इंग्रजी अक्षरंही त्यावरूनच जुळवायला शिकले. नोकरी संपली, गावाकडची उसाची जमीन भावानं सांभाळली, लालासाहेब गिरणीच्या कोठारावर लागले. पण ती गुलाबी-पिवळी हद्द डोळ्यांतून काही गेली नाही.

हे नकाशे सुटे छापलेले नसत. राणीच्या राज्यात विलायतेत प्रत्येक परगण्याचं एक जाडजूड पुस्तक निघे. कुठल्या गावात लोहार कोण, पाव भाजतो कोण, घोड्यांना नाल कोण मारतो, सगळ्यांची नावं पत्त्यांसकट. त्या पुस्तकात घडी घातलेला नकाशा असे, त्याच्या हद्दी हातानं रंगवलेल्या. पाचगणी-महाबळेश्वरच्या साहेबलोकांनी ही पुस्तकं एवढ्या लांब का वागवली, देव जाणे. घराची आठवण, दुसरं काय! आता बंगले मोडायला लागल्यावर ती साताऱ्याच्या नाथाजी रद्दीवाल्याकडे येऊन पडत. नाथाजी पानं चिवडेवाल्याला विकी आणि नकाशा लालासाहेबांसाठी काढून ठेवी.

"ह्यो बघा, लिंकनशायर," आषाढ लागायच्या आधी एका सकाळी नाथाजीनं एक घडी पुढ्यात टाकली. "त्याचं पुस्तक आख्खं चिवड्यात गेलं. तेवढा लोहारबिहार तुमी मनात आना."

"तुझ्या हातात परगणा आला की दुपारपातुर त्याची पुडी झाली म्हणून समजावं, गड्या," लालासाहेब म्हणाले. नकाशा त्यांनी सदऱ्याच्या आत छातीशी धरला आणि सातारा रोड स्टेशनात गाडी पकडली.

घरी लीलाबाईनं दारातच विचारलं, "आली का सवत?"

"आली. ही थोरली दिसतीया."

"ठिवा तिथं. खळ शिजत घातलीया." प्रत्येक नव्या नकाशाला ती सवत म्हणे आणि प्रत्येकीची खळ स्वतःच शिजवी. गव्हाच्या पिठात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. गिरणीच्या मांजरपाटाचा तुकडा जमिनीवर ताणायचा, त्यावर खळ फिरवायची, मग दोघांनी चार कोपरे धरून नकाशा अलगद सोडायचा. घड्या पडल्या असतील तिथं बोटानं दाबायचं. दोन घड्या एकमेकींना छेदतात तिथं कागद सगळ्यात आधी जातो; तेवढ्यापुरतं गाव नाहीसं होतं, नुसतं भोक राहतं. या कामात नवराबायकोचे हात एकमेकांना असे सरावले होते की बोलावं लागत नसे. मूलबाळ नव्हतं. नकाशे होते.

२

रविवारी जेवणं झाली की दोघांची फिरती निघे. हा खेळ कधी सुरू झाला ते दोघांनाही आठवत नव्हतं. लीलाबाईनं डोळे मिटून नकाशावर बोट ठेवायचं; बोटाखाली जे गाव येईल ते लालासाहेबांनी वाचायचं; मग त्या गावाला जायचं. तिथल्या बाजारात भाव करायचा, तिथल्या नदीला नमस्कार करायचा, आणि चहाच्या वेळेला माधवनगरात परत यायचं. लीलाबाईला अक्षर येत नव्हतं, पण विलायतेतली निम्मी खेडी तिला तोंडपाठ होती आणि त्यातल्या एकाचंही नाव तिला धड उच्चारता येत नव्हतं.

लिंकनशायर वाळून भिंतीला लागला तो आषाढाचा पहिला रविवार. चाळीतल्या नव्या सुना माहेरी निघायच्या गडबडीत होत्या. गॅलरीतून ट्रंका सरकवल्याचे आवाज येत होते. लीलाबाई तिकडे पाठ करून बसली होती. हे दिवस आले की ती अशीच होई.

तिचं माहेर लोणंदच्या अलीकडे होतं. लग्न झालं त्या वर्षी नागपंचमीला तिचा भाऊ बैलगाडी घेऊन मुऱ्हाळी म्हणून आला आणि तिला घेऊन गेला. पुढच्या वर्षी मानमोडीची साथ आली. घरात दिवा लावायला माणूस उरलं नाही. घर पडलं, जमीन भाऊबंदांनी ओढली. त्यानंतर तिला न्यायला कधी कुणी आलं नाही. ती रडली नाही. लालासाहेबांना तेच जास्त लागत असे. माणूस रडलं तर समजूत घालता येते.

म्हणून त्या दिवशी ते म्हणाले, "आज फिरती न्हाई. आज तू तुझं माहेर निवड."

"ते काय भाजी हाय व्हय निवडायला?"

"निवड तर. एवढ्या मोठ्या मुलखात एक गाव तुला नगं? कुनाची हरकत हाय?"

ती हसली, मग पदर तोंडाला लावून भिंतीपाशी गेली. या खेपेला तिनं डोळे मिटले नाहीत. बराच वेळ बघून एका ठिपक्यावर बोट टेकलं. लालासाहेबांनी चष्मा सावरून वाचलं. लिडबी. दलदलीच्या कडेला एकटंच गाव.

"लिंबी," ती म्हणाली. "लिंबाचं झाड असणार बघा येशीपाशी." मग जवळून बघत, "आवं, पर हिला वाट कुठं हाय?"

खरंच नव्हती. आजूबाजूच्या गावांना बारीक जोडरेघांचे रस्ते होते. लिडबीला एकही नव्हता.

"वाट न्हाई तर मुऱ्हाळी कुठनं यायचा माझा?" ती म्हणाली. थट्टेतच म्हणाली, पण आवाज हलला. लालासाहेब उठून नकाशापुढे उभे राहिले, पलटणीत अंमलदारापुढे राहावं तसे ताठ, आणि मोठ्यानं म्हणाले, "आवं मेव्हणं! वाट पाडा की! लीलाबाई हितं वाट बघतीया. पंचमीला तिला न्यायला या!"

लीलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या दिवसाचा चहा गोड झाला होता.

३

घर बदललं. लीलाबाई कामात गुणगुणायला लागली. भाकरी थापताथापता लिंबीच्या गोष्टी सांगायची, आणि लालासाहेब लोटाभर ताक पीत ऐकायचे.

"औंदा लिंबीला पाऊस लय झाला. पानी पार उंबऱ्याला लागलं."

"म्हशी?"

"दादानं माळावर नेल्या."

"दादा शहाना हाय मग."

"हाय तर! तुमच्यावानी न्हाई, पावसात छत्री इसरून येनारा."

तिला गोष्टी रचता येतात हे लालासाहेबांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आपल्या बायकोत एवढं काही भरलेलं होतं आणि आपण तिला फक्त खळ शिजवायला लावली, असं वाटून ते खजील झाले. गिरणीतून येताना तिच्यासाठी वेण्या आणू लागले. चंद्राबाईनं नळावर त्याचाही पाढा वाचला.

एकदा लीलाबाई म्हणाली, "लिंबीत दार कसं वाजवत्यात ठावं हाय? थाप न्हाई मारत."

"मग?"

"नखानं." तिनं हातातल्या परातीवर हळूच नख ओढून दाखवलं. "कागद खरवडल्यावानी. बाहेरचं मानूस हाय ते त्याच्यावरनं कळतं."

लालासाहेब हसले. पण ताक तसंच राहिलं. रचलेल्या गोष्टीत म्हशी येतात, पाऊस येतो. हे असलं कुठून येतं, असं त्यांना एकदम वाटलं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी नकाशावरची धूळ शिळ्या पावाच्या गरानं पुसताना त्यांचा हात थबकला. लिडबीला वाट होती.

ठिपक्यापासून दोन बारीक रेघा निघाल्या होत्या, एकमेकींना धरून, आणि दलदल ओलांडून थोड्या खाली येऊन थांबल्या होत्या. त्यांनी भिंग आणलं. पेन्सिल नव्हे, टाक नव्हे. बाकीचे रस्ते जसे छापताना कागदात दबलेले होते तशीच ही दबलेली होती; नखाला लागत होती. आपण आधी नीट बघितलं नसणार, ते स्वतःशी म्हणाले. मळाखाली होती, पुसल्यावर वर आली. वयही झालंच की. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

लीलाबाईला त्यांनी काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, फक्त चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "काम चालू झालंय बरं का लिंबीला."

४

बाहेरच्या खोलीत चार नकाशे होते. गॅलरीच्या दाराशी लिंकनशायर, मग केंट, मग डेव्हन, आणि स्वयंपाकघरात जायच्या मधल्या दाराला लागून नॉरफोक. विलायतेत ते कसे वसलेत याच्याशी या क्रमाचा संबंध नव्हता. जसे आले तसे लालासाहेबांनी खिळे मारले होते.

पुढच्या रविवारी वाट लिंकनशायरच्या चौकटीला टेकली. लालासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. कागद संपला, वाट संपली. ओल्या दिवसांत खळ फुगते, शाई वर येते, कागद ताणतो. जे व्हायचं ते होऊन गेलं असणार.

त्यानंतरच्या रविवारी ती केंटमध्ये होती.

केंटच्या त्या बाजूला समुद्र छापलेला होता, किनाऱ्याला लागून बारीक आडव्या रेघांचा. वाट समुद्रातून वर येत होती. पाण्यातून चालत आल्यासारखी सरळ किनाऱ्याला लागली होती आणि मधली गावं टाळून, कुठंही न वळता, डेव्हनच्या दिशेनं निघाली होती. लिंकनशायरच्या रस्त्यानं निघालेला माणूस केंटात उतरेल कसा? असा रस्ता जगात नाही. असा रस्ता फक्त या खोलीत आहे.

त्यांनी केंट आणि डेव्हनची अदलाबदल केली. मनाला पटेल असं काहीतरी करणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन बघतात तर वाट जागच्या जागी होती. कागद कुठलाही असो, भिंतीवर जिथं होती तिथंच. फक्त आता ती डेव्हनच्या टेकड्यांतून केंटच्या मळ्यांत उतरत होती, आणि तिचं टोक मधल्या दाराकडे आणखी सरकलं होतं.

त्या आठवड्यात आवाजही ऐकू यायला लागले. पावसाळी हवेत भिंतीवरचा कागद सैल पडतो, चुरचुरतो. नकाशामागं पाल शिरली की खसखस होते. लालासाहेबांना हे सगळे आवाज ओळखीचे होते. पण ते आवाज इथं-तिथं होतात. हा एका जागेवरून निघे, थांबे, आणि थोड्या पुढून परत सुरू होई, लांबच्या पल्ल्यावर निघालेला माणूस जपून पाय टाकतो तसा. लालासाहेब मधल्या दारात येऊन उभे राहिले की बंद होई.

"पाल हाय," ते मागे वळून म्हणत.

"असू द्या," लीलाबाई म्हणे. "दमत असंल बिचारा."

५

श्रावण लागला. कासार आला तेव्हा लीलाबाईनं हिरव्या बांगड्या भरल्या, कोपरापर्यंत. ट्रंकेतून लग्नातलं लुगडं काढून उन्हं पडतील तशी वाळवलं. पुरणाची डाळ आणवली. चंद्राबाईनं विचारलं, "कुठं निगालीस गं एवढी?" तर म्हणाली, "माहेराला." चंद्राबाईला तिची कहाणी ठाऊक होती. ती पहिल्यांदाच टोमणा न मारता घरात गेली, आणि संध्याकाळी लालासाहेबांना गाठून म्हणाली, "आवं, तिला डागतराला दावा."

लालासाहेबांना डॉक्टर नको होता. बाईला काही झालेलं नव्हतं. ती इतकी आनंदात होती की तिच्याकडे बघून डोळे भरावेत. गालांवर रंग चढला होता, चालण्यात पोरीचा झपाटा आला होता. ज्याची आपल्याला भीती वाटते त्याच गोष्टीनं आपलं माणूस एवढं फुलावं, याला काय करायचं? ते कुणाला सांगायचं?

पंचमीच्या आदल्या दिवशी वाट नॉरफोकात शिरली होती. लालासाहेबांनी लीलाबाई नळावर गेल्याचं बघून नॉरफोक खिळ्यावरून काढला, गुंडाळला आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. मधल्या दाराशेजारी भिंत कोरी राहिली, नुसता पांढरा चुना. त्यांना बरं वाटलं. दुपारी ते कामावर गेले.

परत आले तर नॉरफोक जागेवर होता. खिळा जुनाच, पण दोरीची गाठ बायकी होती. वाट नकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी झाली होती.

लीलाबाई चुलीपुढे बसली होती. इतक्या वर्षांत ती त्यांच्यावर रागावली नव्हती असं नाही, पण हा राग वेगळा होता. त्यात रडू होतं.

"वाट का मोडली तुमी माझी?"

"अगं, त्यो खेळ होता."

"खेळ तुमी मांडला. तुमीच हाक मारली त्याला, मी न्हाई. आता त्यो एवढ्या लांबनं, पान्यातनं चालत आलाय, आन् दाराशी येऊन त्याला कोरी भित लागू द्यायची?" तिनं पदरानं डोळे टिपले. "मला न्यायला कुनी येऊ ने असं वाटतंय का तुमास्नी?"

"तू जाऊ ने असं वाटतंय," लालासाहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं.

लीलाबाई भाकरीचं पीठ हाताला तसंच असताना त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "माहेराला गेलेली बाई परत येतीच की. येडं हायसा."

६

पंचमीचा दिवस. चाळीच्या मागं वडाला झोके बांधले होते. पोरीबाळींचा कालवा, गाणी, फेर. लालासाहेबांनी गॅलरीचं दार आतून कडी घालून बंद केलं होतं. बाहेरच्या खोलीत लीलाबाईनं घोंगडी अंथरली होती, तिच्याशेजारी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. आत पुरणाची दिंडं उकडत होती.

ती लुगडं नेसायला अडोशाला गेली आणि लालासाहेबांनी फळीवरची कात्री उचलली. नॉरफोक उभा कापायचा, वाटेचे दोन तुकडे करायचे. जिवापाड जपलेला कागद.

मनगटावर हिरव्या बांगड्यांचा हात पडला.

"आज पंचमी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आज भाजीसुदिक चिरत न्हाईत. कात्री ठिवा."

त्यांनी ठेवली. जन्मभराची रीत हाताला वजन होऊन बसते. आज कापलं तर काय होईल याची भीती त्यांना लहानपणापासून होती, आणि ती दुसऱ्या भीतीहून जुनी होती. लीलाबाईनं त्यांना हाताला धरून आत आणलं, मधलं दार ओढून घेतलं. दार ओल्यानं फुगलेलं होतं, पुरतं लागलं नाही. बोटभर फट राहिली. दोघं चुलीपाशी बसून राहिली. दिंडांची वाफ छताला जात होती.

दारावर नख ओढलं गेलं. एकदाच, वरून खाली.

गॅलरीच्या दारावर नव्हे. मधल्या दारावर.

लीलाबाई उठली. लालासाहेब तिच्या आधी फटीशी पोचले. चोर असेल, दुसऱ्या बाजूच्या बिऱ्हाडातलं कुणी गंमत करत असेल, त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. गॅलरीच्या दाराला कडी तर आतून होती.

घोंगडीवर कुणीतरी बसलं होतं. धोतर, अंगरखा, डोक्याला पटका. पाय ओले, घोंगडीवर पाण्याचा डाग पसरत चाललेला. कपडे ट्रंकेतून काढावेत तसे घड्यांचे होते, एक घडी उभी, एक आडवी. मग त्यानं मान इकडे वळवली आणि लालासाहेबांना दिसलं की घड्या कपड्यांपाशी थांबत नव्हत्या. त्या चेहऱ्यावरूनही गेल्या होत्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि कानापासून कानापर्यंत. त्या एकमेकींना मिळत होत्या तिथं काही नव्हतं.

लालासाहेबांनी दार रेटून लावलं, कडी चढवली आणि पाठ टेकून उभे राहिले.

पलीकडून आवाज आला. "आवं मेव्हणं. लीलाबाई वाट बघतीया. लीलाबाईला न्यायला आलोया."

शब्द त्यांचेच होते. आवाजही त्यांचाच होता, पलटणीतला, अंमलदारापुढचा.

लीलाबाई दारापाशी आली होती, अंगावर लग्नाचं लुगडं, हातात दिंडांची शिदोरी. ती एकदम थांबली. कपाळाला आठी पडली.

"काय म्हणाला त्यो?"

"काय न्हाई. तू मागं हो."

"लीलाबाई म्हणाला." ती दाराकडे बघत राहिली. "आवं, लीला ह्ये तुमी ठिवलेलं नाव. तुमी ताटात तांदळावर लिवलं अंगठीनं. माझ्या माहेरचं कुनी मला लीला कसं म्हनंल? त्यास्नी ह्ये नावच ठावं न्हाई."

पलीकडून परत, तोच स्वर, तीच ढब: "लीलाबाईला न्यायला आलोया."

"न्हाई," लीलाबाई दाराला म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "तू माझा दादा न्हाईस. माझा दादा मेला. आईबी मेली, आबाबी मेले. मानमोडीत मेले सगळे. मला न्यायला यायला आता कुनी न्हाई. जा तू."

शिदोरी तिच्या हातून खाली आली. ती तिथंच बसली आणि रडायला लागली. इतक्या वर्षांचं सगळं एकदम आलं, मोठ्यानं, पोरीसारखं. दारापलीकडे कागदाची सरसर झाली. ती भिंतीच्या कडेनं लांब लांब जात राहिली, केंटवरून, डेव्हनवरून, आणि ऐकू येईनाशी झाली. मागल्या वडाखालची गाणी पुन्हा कानावर यायला लागली.

लालासाहेब तिच्याशेजारी जमिनीवर बसले, तिला कुशीत घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. गेली होती ती हातची. तिच्या स्वतःच्या शहाणपणानं वाचली. त्यांना एवढं भरून आलं की तिला काय म्हणावं ते सुचेना. लीला म्हणावंसं वाटेना; ते नाव आत्ताच त्या दुसऱ्या तोंडातून आलं होतं. मग त्यांना लग्नातली पाठवणी आठवली. गाडीच्या चाकापाशी उभा राहिलेला तिचा म्हातारा बाप, आणि त्यानं लेकीला मारलेली हाक. ते नाव त्यानंतर कुणी उच्चारलं नव्हतं. उच्चारणारी माणसंच राहिली नव्हती.

"रडू नगंस," ते तिच्या केसांत तोंड घालून म्हणाले. "राहे, रडू नगंस. मी हाय न्हवं? राहीबाई माझी."

ती हुंदके देता देता थांबली. त्यांच्याकडे बघून ओल्या डोळ्यांनी हसली. दोघं तशीच बसून राहिली.

दारावर नख ओढलं गेलं.

"राहे," पलीकडून कुणीतरी म्हणालं. हा आवाज लालासाहेबांचा नव्हता. तरण्या माणसाचा होता, थोडा घोगरा, लाडाचा. लालासाहेबांनी तो एकदाच ऐकला होता, पहिल्या पंचमीला, बैलगाडीवरून. "राहे, चल गं. गाडी जुपलीया. आई वाटंकडं डोळं लावून बसलीया."

लालासाहेबांनी तिचं मनगट धरलं. बांगड्या वाजल्या. तिनं शिदोरी उचलली, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावरून घेतला, आणि त्यांच्याकडे वळून बघितलं. त्या चेहऱ्यावर शंका नव्हती, भीती नव्हती. लग्न होऊन घरात आली तेव्हा होती तेवढीच आत्ता दिसत होती ती. तो आनंद बघितला आणि त्यांची पकड त्यांच्याही नकळत ढिली झाली.

तिनं कडी काढली.

"आवं, ताक झाकून ठिवलंय," ती म्हणाली. "येते हं मी." माहेराला जाणारी बाई असंच म्हणते.